शंभर मैलांचा घोडा



बाजारात बैल घ्यायला गेलात म्हणजे तुम्ही काय पाहता? दात पाहता, खूर पाहता, छातीची रुंदी पाहता. पाठीवर थाप मारून जनावर तापट आहे की गरीब, याचा अंदाज घेता. आणि मग विकणाऱ्याला म्हणता, "जरा चालवून दाखवा बरं." चार पावले चालवून दाखवली, की तुमची निम्मी पारख होते.

आता असे समजा, की तुम्हाला एक घोडा पारखायचा आहे. हा घोडा पाठीवर माणूस घेऊन एका दिवसात शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर जाणार आहे. वाटेत डोंगर आहेत, दऱ्या आहेत, ऊन आहे. आणि एवढे अंतर काटल्यावर तो दाणावैरण खाऊन पुन्हा चालायला तयार असला पाहिजे. चार पावले चालवून हे कसे कळणार? आणि असा घोडा मुळात पैदा कसा करायचा? लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी घोड्यांची पैदास करणाऱ्यांपुढचा प्रश्न हाच असतो आणि आज आपण त्याचाच विचार करणार आहोत.

घोड्यांची शर्यत म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचे किंवा पुण्याचे मैदान येते. तिथली दीड मैलाची मोठी शर्यत अडीच मिनिटांच्या आसपास आटोपते. त्या घोड्यांची जात निराळी, त्यांच्या पैदाशीचे शास्त्र निराळे. आपण ज्या शर्यतींविषयी बोलतो आहोत त्या ८० किलोमीटरपासून १६० किलोमीटरपर्यंतच्या असतात. तिथे अडीच मिनिटांत काहीच ठरत नाही. पहाटे निघालेला घोडा अंधार पडेपर्यंत वाटेवरच असतो.

या शर्यतींची एक जुनी गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा नीट ध्यानात येईल. १८९२ च्या ऑक्टोबर महिन्यात युरोपात व्हिएन्ना आणि बर्लिन या दोन राजधान्यांमध्ये लष्करी अधिकाऱ्यांची एक शर्यत झाली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अधिकाऱ्यांनी व्हिएन्नाहून बर्लिनला जायचे आणि जर्मन अधिकाऱ्यांनी बर्लिनहून व्हिएन्नाला यायचे. अंतर सुमारे ५८० किलोमीटर. जो सर्वांत कमी वेळात पोचेल तो जिंकला. काउंट स्टारहेम्बर्ग नावाचा अधिकारी जेमतेम तीन दिवसांत बर्लिनला पोचला आणि पहिला आला. त्याच्या घोड्याचे नाव होते अथोस. स्वाराला बक्षीस मिळाले, पण अथोस घोडा मात्र श्रमाने मेला. तो एकटाच नव्हे, त्या शर्यतीत वीसहून अधिक घोडे दगावले.

मंडळी, जिंकलेला घोडाच उरला नाही, तर त्या जिंकण्यातून पैदास करणाऱ्याच्या हाती काय लागले? फक्त घड्याळाकडे पाहिले की असे होते. घोड्याचे एक वैशिष्ट्य असे आहे, की स्वाराने रेटले तर तो आपल्या ताकदीपलीकडेही जातो. बैल बसकण मारतो, गाढव अडून उभे राहते. घोडा पुष्कळदा पडेपर्यंत धावतो. म्हणून लांबच्या शर्यतीत पहिला येणारा घोडा उत्तमच असेल, असे नाही. कदाचित त्याचा स्वार सर्वांत निर्दय असेल.

आता दुसरी गोष्ट. १९५५ साल. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात वेंडेल रॉबी नावाचा लाकडाचा व्यापारी होता. हल्लीच्या घोड्यांना एका दिवसात शंभर मैल जाणे झेपणार नाही, असे लोक म्हणू लागले होते. रॉबीने आपला बँडोस हा अरबी घोडा घेतला, बरोबर काही सोबती घेतले आणि टाहो सरोवराकडून निघून सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून चोवीस तासांच्या आत ऑबर्न गावी पोचून दाखवले. तेव्हापासून ही शर्यत नियमाने भरू लागली. तिला टेव्हिस चषकाची शर्यत म्हणतात.

या शर्यतीत १८९२ पेक्षा निराळे काय होते? वाटेत ठिकठिकाणी घोड्यांचे डॉक्टर उभे असतात. ते घोडा थांबवतात, नाडी मोजतात, हिरड्या दाबून पाहतात, कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटाला नळी लावून आतड्यांची गुरगुर ऐकतात, आणि सरळ रेषेत दुडकी चालवून लंगडतो का ते पाहतात. घोडा नापास झाला तर त्याची शर्यत तिथेच संपते, मग तो सगळ्यांच्या पुढे का असेना. शेवटची रेघ ओलांडल्यावरही तपासणी होते. 'हा घोडा आणखी पुढे जायला लायक आहे' असे डॉक्टरांनी म्हटले तरच त्याने शर्यत पुरी केली असे धरतात. पहिल्या येणाऱ्याला चषक मिळतोच; परंतु पहिल्या दहांत जो घोडा सर्वांत ताजातवाना दिसेल त्याच्यासाठी हॅगिन चषक नावाचे वेगळे बक्षीस आहे, आणि जाणती माणसे त्याला फार मान देतात. शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला चांदीचे बक्कल मिळते. निघालेल्या घोड्यांपैकी साधारण निम्मेच शेवटास पोचतात, यावरून त्या बकलाची किंमत कळून येईल.

पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. १८९२ साली प्रश्न विचारला होता, 'कोण लवकर आला?' १९५५ नंतर प्रश्न झाला, 'आल्यावर घोडा कसा उभा आहे?' आणि आपण जनावराला जो प्रश्न विचारतो त्याच्या उत्तराप्रमाणे जनावर घडत जाते. दुधाची मोजणी केली की दुधाची गाय घडते. ओढ मोजली की ओढीचा बैल घडतो. घोड्याचा दम आणि दम परत येण्याचा वेळ मोजला की शंभर मैलांचा घोडा घडतो.

हा दम परत येणे म्हणजे काय, ते थोडे समजावून घेऊ. विसाव्याच्या वेळी घोड्याचे हृदय मिनिटाला तीस ते चाळीस ठोके देते. भरधाव धावताना तेच दोनशेच्या वर जाते. थांबल्यावर ते किती लवकर खाली येते, ही या शर्यतीची खरी कसोटी आहे. बहुतेक आंतरराष्ट्रीय शर्यतींत ठरलेल्या मिनिटांच्या आत नाडी ६४ ठोक्यांपर्यंत उतरावी लागते. काही ठिकाणी त्याहूनही खाली. ज्याची नाडी भराभर उतरते त्याच्या अंगात अजून ऐवज शिल्लक आहे. ज्याची उतरतच नाही तो आतून तापलेला आहे, सुकलेला आहे, किंवा त्याला कुठेतरी दुखते आहे.

तापण्याचा प्रश्न सर्वांत मोठा. घोड्याचे स्नायू काम करतात तेव्हा खर्चलेल्या शक्तीचा जेमतेम पाव हिस्सा चालण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी शक्ती उष्णता होऊन अंगात साचते. ती बाहेर टाकली नाही तर घोडा मरेल. ती जाते मुख्यतः घामावाटे. उन्हात राबणारा घोडा तासाला दहा लिटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त घाम गाळतो. आणि त्याच्या घामात मीठ आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. म्हणून नुसते पाणी पाजून भागत नाही, मीठही द्यावे लागते.

शिक्षक मित्रांनी वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट इथे आहे. चुलीवरून उतरलेले हंडाभर पाणी निवायला वेळ लागतो, तांब्याभर पाणी लवकर निवते. कारण लहान वस्तूला तिच्या वजनाच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग अधिक असतो. घोड्याचेही तसेच आहे. साडेपाचशे-सहाशे किलोंचा धिप्पाड घोडा दिसायला भव्य, पण तो निवतो सावकाश. अरबी घोडा साधारण चारशे किलोंचा, उंचीला बेताचा, कातडी पातळ, शिरा वर दिसणाऱ्या. तो लवकर निवतो. म्हणून लांब पल्ल्यासाठी पैदास करणारा माणूस उंचीच्या मोहात पडत नाही.

दुसरी गोष्ट स्नायूंची. स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात. एक झटकन ताकद देणारे आणि लवकर थकणारे, दुसरे संथ पण चिवट. संथ तंतू हवेतल्या प्राणवायूच्या जोरावर अंगातली चरबी सावकाश जाळतात आणि तासन्‌तास काम देतात. अरबी घोड्यांत या चिवट तंतूंचा वाटा, थोड्या अंतरावर उसळी मारणाऱ्या जातींपेक्षा जास्त आढळतो. २०१० साली शास्त्रज्ञांनी शर्यतीच्या घोड्यांमधले एक जनुक दाखवून दिले. त्याच्या एका रूपामुळे घोडा जवळच्या अंतराला वेगवान होतो आणि दुसऱ्या रूपामुळे लांबच्या अंतराला टिकतो. अरबी घोड्यांत मुख्यतः हे दुसरे रूप सापडते. पण एवढ्यावरून कुणी असे समजू नये, की रक्ताचा थेंब तपासला की घोडा मिळाला. ते जनुक खूर दाखवत नाही, स्वभाव दाखवत नाही.

तिसरी गोष्ट पायांची. गुडघ्याखालची नळी अंगाच्या मानाने जाड हवी, सांधे कोरडे आणि स्वच्छ हवेत, खूर टणक आणि गोल हवेत. छाती फार रुंद असली तर पुढचे पाय फेंगडे पडतात आणि शक्ती फुकट जाते. इथे रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची. आणि चाल सरळ हवी. एखादा घोडा पाऊल थोडेसे बाहेर फेकत असेल, तर मैलभरात काही बिघडत नाही. पण शंभर मैलांत हजारो वेळा तोच सांधा तसाच पिळला जातो. बरेच घोडे दम संपल्यामुळे बाद होत नाहीत, लंगडल्यामुळे बाद होतात.

चौथी गोष्ट पोटाची आणि स्वभावाची. घोड्याच्या मोठ्या आतड्यात गवताबरोबर पुष्कळ पाणी आणि क्षार साठून राहतात. लांबच्या वाटेवर हा त्याचा रांजणच समजा. नुसत्या चंदीवर वाढलेल्या घोड्याजवळ हा रांजण भरलेला नसतो, लांब गवत खाणाऱ्याजवळ असतो. शिवाय घोडा फार रोडही नसावा. टेव्हिस शर्यतीतल्या घोड्यांची १९९० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा असे दिसले, की स्वाराच्या वजनाने फारसा फरक पडला नव्हता. पण अंगावर मांस-चरबी फार कमी असलेले घोडे शेवटास पोचू शकले नव्हते. आणि स्वभाव म्हणाल, तर जो घोडा सुरुवातीच्या गर्दीत थयथयाट करतो, लगाम ओढतो, परक्या पाण्याला तोंड लावत नाही, तो अर्धी शक्ती स्वतःच्या मनाशी भांडण्यात घालवतो. वाटेत डबके दिसले की मान घालून पाणी पिणारा, थांबले की गवत ओरबाडणारा, सांगितले की निघणारा असा घोडा हवा. हे गुण काही शिकवून येतात, काही आईकडून येतात.

आईचे नाव निघाले म्हणून सांगतो. अरबस्तानातले बदाऊनी लोक घोड्याचे कूळ आईवरून मोजत आले. कुहैलान, सकलावी, हमदानी ही जी घराणी प्रसिद्ध आहेत ती आईकडून चालत आलेली. घोडीवर बसूनच ते वाळवंटातल्या चढाया करीत. उपाशी राहून, थोड्या पाण्यावर लांब जाऊन जी घोडी परत आली तिचीच शिंगरे वाढवायची, असा त्यांचा व्यवहार. न टिकणारी घोडी वाटेतच संपे. आजचे शास्त्र म्हणते, शिंगराला निम्मी जनुके आईकडून आणि निम्मी बापाकडून मिळतात. पण पेशींत शक्ती निर्माण करणारी जी लहानशी केंद्रे असतात, ती केवळ आईकडूनच येतात. शिवाय पहिले सहा महिने शिंगरू आईच्या मागे मागे फिरते आणि तिच्यासारखे वागायला शिकते. वळू घोडा मोठ्या नावाचा आणला आणि घोडी मात्र घरची, लंगडी, कामाला नको म्हणून पैदाशीला लावली, ही चूक तिकडेही होते आणि आपल्याकडेही होते.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपे आहे. जिंकलेला घोडा घ्यावा, जिंकलेली घोडी घ्यावी आणि जोड लावावा. इथेच खरी अडचण आहे. टेव्हिस शर्यत विटेझारिफ नावाच्या अरबी घोड्याने सहा वेळा जिंकली. डोना फिट्झजेराल्ड ही बाई त्याची स्वार. एवढा नामांकित घोडा. पण तो खच्ची केलेला होता! त्याला एकही शिंगरू होणे शक्य नव्हते. या शर्यतींत खच्ची घोडे पुष्कळ असतात, कारण ते शांत राहतात. तेव्हा पैदास करणाऱ्याला जिंकणाऱ्या घोड्याकडे नव्हे, तर त्याच्या आईबापांकडे, सख्ख्या भावंडांकडे पाहावे लागते. एकाच घोडीची तीन-चार शिंगरे निरनिराळ्या स्वारांच्या हाती जाऊन लांबच्या वाटेवर टिकली, तर तो गुण स्वारांचा नव्हे, घोडीचा, असे खात्रीने म्हणता येते.

याच्या उलट उदाहरण पेर्सिक या घोड्याचे. १९६९ साली रशियातल्या कॉकेशस भागात तेर्स्क येथील सरकारी पागेत तो जन्मला. पुढे तो फ्रान्समध्ये गेला. तिथे डोंगराळ मुलखातली फ्लोराकची १६० किलोमीटरची शर्यत त्याने जिंकली. तो खच्ची केलेला नव्हता. त्याची शिंगरे आणि नातवंडे लांब पल्ल्याच्या शर्यतींत नावाजली आणि फ्रान्समधल्या या पैदाशीचा तो एक आधारस्तंभ ठरला. स्वतः अंतर काटून दाखवलेला, निरोगी पायांचा आणि प्रजननक्षम, असा तिन्ही गुणांचा वळू क्वचित मिळतो.

आणि या धंद्यात वेळ किती लागतो, त्याचा हिशेब करू. घोडी गाभण राहिल्यापासून अकरा महिन्यांनी विते. टेव्हिस शर्यतीत घोडा किमान सहा वर्षांचा असावा लागतो, आणि तो नियम योग्यच आहे. कारण घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायलाच पाच-सहा वर्षे लागतात. म्हणजे जोड लावल्यापासून पहिली शंभर मैलांची परीक्षा होईपर्यंत सात वर्षे गेली. परीक्षेत उतरला म्हणून दहाव्या वर्षी त्याला पैदाशीला लावले, तर त्याच्या शिंगरांची परीक्षा होईपर्यंत तो सतरा-अठरा वर्षांचा होतो. म्हातारा झाल्यावर त्याची खरी किंमत कळते! यासाठी हल्ली वीर्य गोठवून ठेवतात, आणि धावत्या घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवतात. साधने नवी आली. परंतु सात वर्षांची सहा वर्षे कुणालाही करता आलेली नाहीत.

मधल्या काळात शिंगराला ऐसपैस, चढउताराचे कुरण लागते. दगडधोंड्यांवरून हिंडल्याने हाड आणि खूर बळकट होतात. पागेत बांधून, चंदी चारून, तुकतुकीत केलेले शिंगरू प्रदर्शनात शोभते, पण लांबच्या वाटेवर फसवते.

रक्त शुद्ध ठेवण्याच्या नादात एक धोकाही असतो. जवळच्या नात्यात वारंवार जोड लावले की दबलेले दोष वर येतात. अरबी घोड्यांत एक आनुवंशिक रोग आहे. त्यात शिंगराच्या अंगी रोगाशी लढण्याची शक्तीच नसते आणि ते काही महिन्यांत मरते. आईबाप दोघेही दिसायला धडधाकट असतात. पण दोघांनी तो दोष छुपा वाहिलेला असला, तर दर चार शिंगरांत सरासरी एक रोगी निघते. १९९७ पासून रक्तावरून या दोषाची चाचणी करता येते. दोन वाहकांची जोडी लावायची नाही, एवढे पथ्य पाळले तरी ते दुःख टळते.

इतके सगळे कळल्यावरही माणूस पुन्हा घड्याळाकडे वळला, हे सांगितले पाहिजे. शर्यतींत मोठा पैसा आणि मोठा मान आला. सपाट वाळवंटात आखलेल्या वाटांवर १६० किलोमीटरची दौड ताशी पंचवीस किलोमीटरहून अधिक वेगाने होऊ लागली. खडबडीत डोंगरावर वेगाला आपोआप लगाम बसतो, सपाटीवर बसत नाही. घोड्यांचे पाय मोडू लागले, काही जागीच मेले. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने घोड्यांच्या हिताच्या प्रश्नावरून संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला काही महिने निलंबित केले. २०१८ साली अमेरिकेत ट्रायॉन येथे जागतिक स्पर्धेतली लांब पल्ल्याची शर्यत उकाडा आणि दमटपणा असह्य झाल्यामुळे अर्ध्यावर रद्द करावी लागली. त्यातला एक घोडा पुढे दगावला.

यात पैदास करणाऱ्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. सपाटीवरच्या वेगाला पैसा मिळू लागला की पागेतही वेगासाठीच जोड लागतात. नळी बारीक झाली तरी चालते, खूर नाजूक झाले तरी चालतात, कारण तो घोडा दोन-तीन हंगाम धावला की पुरे, असा हिशेब होतो. बदाऊन्यांनी कित्येक पिढ्या जपलेले टिकाऊपण थोड्या पिढ्यांत हरवू शकते. म्हणून बऱ्याच देशांतले जाणते लोक आता घोड्याची किंमत करताना एक साधी गोष्ट विचारतात: हा घोडा किती वर्षे धावला, आणि धावणे थांबले तेव्हा त्याचे पाय शाबूत होते का?

आपल्या मुलखाशी या विषयाचा दुवा फार जुना आहे. भीमथडीचे तट्टू हे नाव तुमच्या कानावरून गेलेले असेल. भीमेच्या खोऱ्यातली ही ठेंगणी, काटक जात. मराठ्यांच्या घोडदळाच्या लांबलांब मजला अशाच घोड्यांवर झाल्या. एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातून मुंबई बंदरात अरबी घोडे मोठ्या संख्येने उतरत. दक्षिणेतल्या घोड्यांत अरबी रक्त त्याआधीपासूनच मिसळत आले होते. राजवटी गेल्या, घोडदळे गेली, तरी हे तट्टू टिकले ते मेंढपाळ धनगरांच्या वाड्यांवर. मेंढरांमागे गावोगाव फिरताना सारा संसार याच्याच पाठीवर. २०२३-२४ साली भीमथडी घोड्याची देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली.

विचार करून पाहा. दरवर्षी चराईच्या वाटेने जाऊन पावसाळ्यात परत येणारे ते तट्टू रोज परीक्षाच देत असते. कुठली घोडी थकत नाही, कुणाचे खूर झिजत नाहीत, कुणाचे शिंगरू आईमागे न कुरकुरता चालते, हे त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असते. नाही ते एवढेच, की ते कुठे लिहून ठेवलेले नसते. आणि नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे आपण काय पाहतो? रंग पाहतो, उंची पाहतो, नाचरी चाल पाहतो, अंगावरचे भोवरे आणि देवमण पाहतो. त्यात वाईट काही नाही, हौसेला मोल असतेच. पण देवमणाने नाडी खाली येत नाही.

ज्यांच्या दावणीला घोडी आहे त्यांना माझे सांगणे इतकेच. एक वही करा. घोडीचे नाव, तिच्या आईचे नाव, वळू कोणता, वीत कधी झाली, लंगडली कधी आणि कशाने, हे त्यात लिहा. थांबल्याबरोबर आणि मग दहा मिनिटांनी तिची नाडी मोजा. जबड्याच्या हाडाखाली बोट लावले की शीर लागते. रोज नको, महिन्यातून एकदा पुरे. पाच वर्षांनी ती वही तुम्हाला जे सांगेल ते कोणताही दलाल सांगणार नाही.

शिक्षकांनी हाच प्रयोग मुलांवर करून पाहावा. मुलांना बसल्या जागी मनगटाची नाडी मोजायला लावावी. मग मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगून, थांबल्यावर दर मिनिटाला पुन्हा मोजायला लावावी आणि फळ्यावर आकडे मांडावेत. शर्यतीत पहिला आलेला मुलगा आणि ज्याची नाडी सर्वांत आधी ठिकाणावर आली तो मुलगा, हे पुष्कळदा निराळे निघतील. त्या दुसऱ्या मुलालाही शाबासकी द्या. आणि मग त्यांना अथोस घोड्याची गोष्ट सांगा.